संवत्सरफल आणि संकल्प

आज चैत्र शुद्ध प्रतिपदा. शालिवाहन शकाच्या नव्या संवत्सराचा हा पहिला दिवस. पहाटेचे अभ्यंगस्नान आटोपून घरोघरी गुढ्या उभारल्या गेल्या असतील. वेळूच्या काठीला रेशमी वस्त्र, त्यावर कडुनिंबाचा डहाळा, फुलांचा हार, साखरेची गाठी आणि सर्वांवर उपडा घातलेला तांब्या, हे दृश्य आज महाराष्ट्राच्या दारोदारी दिसते. देवघरात नव्या पंचांगाची पूजा झाली असेल आणि घरातील कोणी वडीलधारे संवत्सरफल वाचून दाखवीत असतील. ह्या वाचनाला बसणाऱ्या प्रत्येकाच्या मनात शेवटी एकच प्रश्न असतो. हे साल कसे जाईल?

आम्ही चाळीस वर्षांहून अधिक काळ ह्या पंढरीक्षेत्री कीर्तनसेवा करीत आहोत. पाडव्याच्या दिवशी संवत्सरफल वाचण्याचे काम बहुधा आमच्याकडे येते. वाचन संपून हातावर कडुनिंबाचा प्रसाद पडला, की मंडळी जवळ सरकतात. ‘बुवा, यंदा पाऊसपाणी कसं आहे?’ हा पहिला प्रश्न. मग कोणी मुलाच्या नोकरीचे विचारतो, कोणी मुलीच्या लग्नाचे. दम्याने बेजार झालेले एखादे आजोबा काहीच न विचारता नुसते आमच्या हातातील पंचांगाकडे पाहत राहतात. पुढचा पाडवा दिसेल ना, हा त्यांचा प्रश्न आम्हांस न बोलताच समजतो. ह्या प्रश्नांची थट्टा करावी असे आम्हांस कधी वाटले नाही. ज्याचे सारे वर्ष चार महिन्यांच्या पावसावर टांगलेले आहे, त्याला उद्याची काळजी वाटणे हा काही अडाणीपणा नव्हे. परंतु ह्या प्रश्नाचे उत्तर पंचांग देते काय, आणि देत नसेल तर माणसाने आशा धरावी ती कशाच्या आधारावर, ह्याचा विचार करण्यास आजच्यासारखा दुसरा दिवस नाही.

प्रथम पंचांगाकडेच पाहू. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही त्याची पाच अंगे. ह्या पाचांपैकी एकही अंग उद्या आपल्यावर काय गुदरेल हे सांगत नाही. आज चंद्र-सूर्यांमधील अंतर किती, चंद्र कोणत्या नक्षत्री, सूर्योदयाला कोणती तिथी, एवढेच ती सांगतात. म्हणजे पंचांग हे मुळात काळाच्या अफाट पसाऱ्यात ‘आज’ नेमका कोठे आहे हे दाखविणारे साधन आहे. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचे, सौरवर्ष ३६५ दिवसांचे. दर वर्षी पडणारे हे सुमारे अकरा दिवसांचे अंतर साचत जाऊन साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अधिक मास येतो आणि सण आपापल्या ऋतूंत राहतात. ग्रहणाचा स्पर्श आणि मोक्ष कधी, हे पंचांग वर्षभर आधी छापते आणि ग्रहण त्या वेळी लागते. हे गणित आहे. ते चुकले तर चूक सापडते आणि दुरुस्त करता येते. पंचांगाचे गणित आकाशाशी जुळत नाही असे दिसून आले, तेव्हा लोकमान्य टिळकांसारख्या पुरुषाने पंचांगशोधनाचा आग्रह धरला, आणि शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ ह्या ग्रंथात ह्या विद्येचा सारा इतिहास मराठीत मांडला. जेथे चूक दाखविता येते आणि सुधारता येते, तेथेच शास्त्र असते.

संवत्सरफलाची गोष्ट मात्र वेगळी. त्यात वर्षाचा राजा, मंत्री, मेघेश, सस्येश अशी अधिकाऱ्यांची नामावळी असते. पाऊस किती आढक पडेल हेही असते. हा राजा ठरतो कसा? चैत्र शुद्ध प्रतिपदा ज्या वारी येते, त्या वाराचा ग्रह त्या वर्षाचा राजा. पाडवा सोमवारी आला तर राजा चंद्र, मंगळवारी आला तर मंगळ. वार सातच. तेव्हा एकेका राजाच्या वाट्याला कितीतरी वर्षे येतात, आणि त्यांत सुकाळाची वर्षे असतात तशी दुष्काळाचीही असतात. आपल्या पूर्वजांना हे समजत नव्हते असे मानण्याचे कारण नाही. वर्षारंभी सर्वांनी एकत्र बसावे, येणाऱ्या पावसाचा, पिकांचा, रोगराईचा एकदा नीट विचार करावा, ह्यासाठी घातलेली ती बैठक आहे. बैठकीचा मान ठेवावा. तिच्याकडून हमी मागू नये.

संवत्सरांच्या नावांचेही असेच. प्रभवापासून क्षयापर्यंत साठ नावे. साठ वर्षांनी तेच नाव पुन्हा येते. २०२० सालच्या पाडव्याला शके १९४२ सुरू झाले. त्या संवत्सराचे नाव शार्वरी. शर्वरी म्हणजे रात्र. तो पाडवा आला २५ मार्च रोजी, आणि देशभरातील टाळेबंदीचा पहिला दिवस तोच. आमच्या येथील विठ्ठलमंदिराचे दार भाविकांसाठी त्याच महिन्यात बंद झाले होते. मग काय, नाव आणि प्रसंग यांची जोड लावणारे पुष्कळ निघाले. रात्रीच्या नावाचे साल, काळोख येणारच, असे लोक म्हणू लागले. त्यांना आम्ही एवढेच विचारीत असू, की ह्याच्या आधीचे शार्वरी संवत्सर कोणते? ते शके १८८२, म्हणजे १९६०-६१. त्याच शार्वरीत, १ मे १९६० रोजी, महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली. एकाच नावाखाली एकदा मराठी माणसाच्या मनोरथांची पहाट झाली आणि एकदा सारे जग घरात कोंडले गेले. नावाने काय ठरविले?

कोणी चतुर वाचक येथे आम्हांस अडवील आणि म्हणेल, की शार्वरीच्या पुढचे संवत्सर प्लव; प्लव ह्या शब्दात तरंगणे आहे, पाणी आहे; आणि १९६१ च्या प्लवात पानशेत फुटून पुणे बुडाले, तर २०२१ च्या प्लवात चिपळूण बुडाले, ह्याचे काय? प्रश्न रास्त आहे. पण महापूर २००५ च्या पार्थिव संवत्सरातही आला आणि २०१९ च्या विकारी संवत्सरातही आला. १२ जुलै १९६१ रोजी जी भिंत फुटली, ती बांधकाम पुरे न झालेल्या धरणाची होती. तिचे कारण धरणाच्या कामात शोधायचे की संवत्सराच्या नावात? नावात शोधले तर पुढच्या धरणाची भिंत मजबूत बांधण्याची गरजच उरत नाही. भविष्याला शरण जाण्यात खरी हानी आहे ती ही. ते खोटे ठरते एवढ्यावर गोष्ट थांबत नाही. आज जे करावयास हवे, त्यातून ते आपल्याला मोकळे करते.

ह्यावर दुसऱ्या बाजूने कोणी म्हणेल, की मग आशाच नको. जे व्हायचे ते होईल. आपल्या नीतिकारांनी आशेला बेडी म्हटले आहेच. हा विचार वैराग्याचे वस्त्र पांघरून येतो, म्हणून तो अधिक तपासून घ्यावा लागतो. संस्कृत भाषेत ‘आशा’ ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक आपल्या परिचयाचा, इच्छा आणि अपेक्षा हा. दुसरा अर्थ दिशा. अमरकोशात दिशेच्या नावांत ‘आशा’ हे नाव येते. वैयाकरण ह्या दोन शब्दांची व्युत्पत्ती वेगवेगळी लावतात, हे आम्ही जाणतो. तरी एकाच ध्वनीत हे दोन अर्थ शेजारी नांदतात, ह्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. अपेक्षेच्या अर्थाची आशा दाराशी बसून वाट पाहते. दिशेच्या अर्थाची आशा पाऊल कोणीकडे टाकावे हे दाखविते.

भागवताच्या एकादश स्कंधात पिंगलेची कथा आहे. विदेहनगरीतील ती वारांगना धनिकाची वाट पाहत दाराशी उभी राहते. आत जाते, पुन्हा बाहेर येते. रात्र सरत जाते, कोणी येत नाही. शेवटी ती आशा सोडते आणि सुखाने झोपी जाते. ही कथा सांगून आशेचा त्याग शिकविला जातो, ते योग्यच आहे. परंतु तिने सोडली ती कोणती आशा? रस्त्यावरून जाणारा कोणी परका आपले जीवन सावरील, ही. त्याच क्षणी तिने अंतर्यामीच्या परमेश्वराकडे तोंड वळविले, म्हणजे दिशा धरली. वाट पाहणे सुटले आणि वाट सापडली, असा त्या कथेचा भाव आम्ही कीर्तनात सांगत आलो आहोत.

ही दिशा रोजच्या व्यवहारात कशी धरावी, ह्याचे उत्तर आपल्या पूजाविधीतच आहे. कोणतीही पूजा संकल्पावाचून सुरू होत नाही. त्या संकल्पात प्रथम प्रचंड काळाचा उच्चार होतो. कल्प, मन्वंतर, युग. मग संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, आणि शेवटी आजची तिथी व आजचा वार. देशाचेही तसेच; द्वीप, खंड येथपासून आपण बसलो आहोत त्या स्थळापर्यंत. कोट्यवधी वर्षांचा पसारा आवरत आवरत यजमान आजच्या दिवशी आणि आपल्या पाटावर येऊन पोहोचतो. तेव्हा तो पळीभर पाणी सोडून म्हणतो, ‘करिष्ये’. मी करीन.

ह्या एका क्रियापदाकडे वाचकांनी क्षणभर लक्ष द्यावे. पाणिनीय व्याकरणात भविष्यकाळ दोन प्रकारचे आहेत. लुट् हा ‘अनद्यतन’ भविष्यकाळ, म्हणजे जे आज घडणार नाही, उद्या किंवा त्यानंतर घडणार आहे, त्यासाठी. लृट् हा सामान्य भविष्यकाळ. त्यात आजचा दिवसही येतो. संकल्पातले ‘करिष्ये’ हे लृट् आहे. लुट् वापरले असते, तर ‘कर्ताहे’ असे म्हणावे लागले असते आणि मी ते करीन, पण आज नव्हे, असा अर्थ झाला असता. शिवाय ‘करिष्ये’ हे आत्मनेपद. क्रियेचे फळ करणाराकडे येते, असे सुचविणारे. पुरुष प्रथम नव्हे, उत्तम. म्हणजे तो, ते कोणीतरी करतील असे नव्हे, मी करीन. भविष्यकाळ आहे, पण आजपासून सुरू होणारा. आणि त्याचा कर्ता मी. आशेची ह्याहून नेमकी व्याख्या आम्हांस ठाऊक नाही.

उलट बाजूला आहे ‘श्वः’ हा शब्द, म्हणजे उद्या. अश्वत्थ, अर्थात पिंपळ, ह्या नावाची परंपरेने केलेली एक फोड अशी आहे, की जो उद्यापर्यंत टिकेलच असे नाही तो अश्वत्थ. संसाराला अश्वत्थाची उपमा दिली ती ह्यासाठी. एवढा विशाल, पाराएवढ्या बुंध्याचा वृक्ष. आणि त्याच्या नावातच उद्याची हमी नाही. असे असूनही आपण पिंपळाला पार बांधतो आणि मुळाशी पाणी घालतो.

आता एक आख्यान. सावित्रीची कथा ज्येष्ठातल्या वटपौर्णिमेला सांगितली जाते. परंतु भविष्याचा विषय निघाला असता ती पाडव्यालाही आठवावी अशी आहे. महाभारताच्या वनपर्वात ती मार्कंडेय ऋषींनी वनवासी युधिष्ठिराला सांगितली आहे. मद्रदेशाचा राजा अश्वपती, त्याची ही कन्या. तिने राज्यभ्रष्ट आणि अंध झालेल्या द्युमत्सेनाचा वनवासी पुत्र सत्यवान मनाने वरला. तेव्हा नारदांनी सांगितले, की मुलगा गुणी आहे, पण आजपासून बरोबर एक वर्षाने त्याचा मृत्यू आहे. पिता म्हणाला, मुली, दुसरा वर पाहा. ती आपल्या निवडीपासून ढळली नाही.

ह्या कथेतील भाकीत खोटे नाही, हे ध्यानात ठेवावे. नारदांचे वचन ते. सांगितल्या दिवशी सत्यवान कोसळलाच. म्हणजे आमच्यासारख्या पंचांगवाचकाने सांगितलेल्या मोघम फलापेक्षा कितीतरी भयंकर आणि निश्चित भविष्य तिच्या पदरी होते. मग ते वर्ष तिने कसे घालविले? अलंकार उतरवून वल्कले नेसली. सासूची सेवा केली, अंध सासऱ्याला जपले, पतीला गोड बोलून संतुष्ट ठेवले. दिवस मोजले, पण मोजण्याचा आवाज कोणाला ऐकू येऊ दिला नाही. चार दिवस उरले तेव्हा त्रिरात्र व्रत धरले. आणि त्या अखेरच्या दिवशी पतीबरोबर वनात जाण्याची परवानगी सासऱ्याकडे मागितली. सासरी आल्यापासून तिने केलेली ती पहिली मागणी. यम आला तेव्हा ती त्याच्या मागोमाग चालत राहिली आणि शांतपणे धर्माच्या गोष्टी बोलत राहिली. यम प्रसन्न झाला. सत्यवानाच्या प्राणांवाचून काहीही माग, असे म्हणाला. तिचे पहिले मागणे काय? सासऱ्याचे डोळे. दुसरे, त्याचे राज्य. तिसरे, आपल्या पित्याला पुत्र. स्वतःसाठी तिने मागितले ते त्यानंतर, आणि त्या मागण्यातच यम अडकला.

आमचे श्रोते ह्या ठिकाणी तिच्या बुद्धिचातुर्याला दाद देतात. ते आहेच. परंतु त्या चातुर्याच्या मागे एक संपूर्ण वर्ष आहे, हे सांगितल्यावाचून आम्ही पुढे जात नाही. यमासमोर तिला जे बोलता आले, ते त्या दिवशी सुचलेले नव्हते. प्रतिदिनी ज्या आंधळ्या माणसाचा हात धरून तिने त्याला चालविले, त्याचे डोळे पहिल्या मागणीत ओठांवर आले. रोजची निवड माणसाच्या अंगी मुरते आणि कठीण घटकेला तीच बोलते.

हे सारे पुराणातले झाले, आजच्या माणसाने काय करावे, असे कोणी म्हणेल. तर महाराष्ट्राच्या जवळच्या इतिहासात पाहावे. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या, जनावरे बाजारात कवडीमोल झाली. आमच्या वयाच्या मंडळींना मिलोची भाकरी अजून आठवते. त्या वर्षी लोक देवापुढे नारळ फोडीत होते, तसेच रखरखत्या उन्हात खडीही फोडीत होते. हाताला काम आणि कामाला दाम, ह्या विचारातून रोजगार हमी योजना उभी राहिली. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे ह्यांनी तिची कल्पना मांडली होती. १९७७ साली तिचा कायदा झाला, १९७९ च्या प्रजासत्ताकदिनी तो अमलात आला, आणि २००५ साली साऱ्या देशासाठी तशा हमीचा कायदा करण्यात आला. पाऊस पडेल अशी हमी कोणी देऊ शकत नव्हते. काम देण्याची हमी मात्र माणसे माणसांना देऊ शकत होती, आणि ती त्यांनी दिली. बांध, पाझर तलाव, रस्ते ह्यांच्या रूपाने त्या आशेच्या खुणा गावोगावी दिसतात.

आज अहिल्यानगर जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात हिवरे बाजार हे गाव आहे. पर्जन्यछायेतले, एके काळी स्थलांतराने ओस पडत चाललेले. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली गावाने डोंगरावर चर खणले, झाडे जपली, शेतीसाठी विंधनविहिरी घेणार नाही असे ठरविले. तेथे पावसाळा संपला की पडलेल्या पावसाचे आणि जमिनीतील पाण्याचे मोजमाप होते. आधी पिण्यासाठी आणि जनावरांसाठी किती लागेल ते बाजूला काढायचे. उरलेल्यात कोणती पिके बसतील ते गावाने मिळून ठरवायचे. ह्याला पाण्याचा ताळेबंद म्हणतात. आम्ही त्याला त्या गावाचे संवत्सरफल म्हणतो. आढक तेथेही आहेत, पण पडून गेलेल्या पावसाचे. आणि त्यांच्यापुढे ‘करिष्ये’ आहे.

एवढ्या मोठ्या गोष्टींपर्यंत ज्याचा हात पोहोचत नाही, त्यानेही निराश होण्याचे कारण नाही. आमच्या ओळखीचे एक शेतकरी दर वर्षी संवत्सरफल ऐकायला पहिल्या रांगेत बसतात. घरी गेल्यावर ते गेल्या हंगामातील राखून ठेवलेल्या सोयाबीनचे शंभर दाणे मोजून घेतात, ओल्या गोणपाटात ओळीने मांडून गुंडाळून ठेवतात आणि आठवड्याने उलगडून पाहतात. सत्तर किंवा अधिक दाण्यांना मोड आले, तर बियाणे पेरायला योग्य. कमी आले, तर एकरी बियाणे वाढवायचे किंवा वेळीच दुसरे शोधायचे. मृगाला अजून दोन महिने असतात. मोड आलेल्या दाण्यांवर पाऊस पडेलच, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. एकदा आम्ही त्यांना विचारले, की फल ऐकता, मग ही मोजणी कशाला? ते म्हणाले, ‘बुवा, फल देवाचं. दाणे माझे.’ आम्ही आजवर केलेल्या कित्येक निरूपणांपेक्षा हे उत्तर आम्हांस मोठे वाटले.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हा सारा उपदेश पोट भरलेल्या माणसाचा ठरेल. प्रत्येकाच्या हाती मोजण्याइतके दाणे असतातच असे नाही. मराठवाड्यात आणि विदर्भात पाडवा हा सालगड्याचे साल ठरण्याचा दिवस. आज गुढीपुढे नैवेद्य दाखविला जात असताना कोठे ओसरीवर एका माणसाच्या वर्षभराच्या श्रमाचा ठराव होत असेल. किती रक्कम, किती धान्य, किती उचल. त्याचा उद्या त्याच्या हाती नाही; मालकाच्या शब्दात आहे. तसाच कोणाचा उद्या सावकाराच्या वहीत असतो, कोणाचा कचेरीतल्या कागदावर, कोणाचा घरातल्याच एखाद्या तिखट वाक्यात. शेतकऱ्यांच्या घरांतून येणाऱ्या आत्महत्यांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचीत आलो आहोत. ज्याला उद्याचा दिवस नकोसा झाला, त्याला आशा धर असे दुरून सांगणे फुकाचे आहे. त्याच्या दारी जाऊन बसावे, त्याच्याशी बोलावे, बोलते करावे; हप्ता थांबविता येत असेल तर थांबवावा, वैद्याकडे न्यावे लागत असेल तर न्यावे. आपल्या सहीवर, शब्दावर, वागण्यावर ज्याचा ज्याचा उद्या अवलंबून आहे, त्याच्यापुरते संवत्सरफल लिहिणारे आपणच असतो. सावित्रीने पहिली मागणी दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी केली, हे येथे विसरून चालणार नाही.

आमच्या ह्या क्षेत्रात श्रीविठ्ठलाचे नित्योपचार चालतात. पहाटे काकडा, नित्यपूजा, मध्यान्ही महानैवेद्य, पुढे पोशाख, धुपारती आणि रात्री शेजारती. टाळेबंदीत दार बंद असताना, वाळवंटात चिटपाखरू नसताना, हे उपचार एकही दिवस खंडले नाहीत. त्या वर्षीची आषाढी १ जुलै २०२० रोजी आली. शतकांची पायी वारी झाली नाही. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका मोजक्या मंडळींसह एस.टी. बसमधून पंढरपुरास आल्या. तेव्हा कित्येक वृद्ध वारकरी आता आपली वारी कायमची संपली म्हणून रडले. २०२२ साली पालख्या पुन्हा पायी निघाल्या. त्यांत सारेच नव्हते. काही जण मधल्या काळात वैकुंठवासी झाले होते. आशा धरली म्हणजे सर्व काही परत मिळते असे नाही. परंतु त्या दोन वर्षांत रोज रात्री शेजारती म्हणणाऱ्याने देवाला निजविले ते पहाटे काकडा करण्याच्या बोलीवरच. प्रत्येक शेजारतीच्या पोटात दुसऱ्या दिवशीचा काकडा असतो. आई मुलाला निजविताना हेच करते, शेतकरी औत गोठ्यात ठेवताना हेच करतो, शिक्षक फळा पुसताना हेच करतो. हे इतके नित्याचे आहे, की त्यास आशा म्हणण्याचे आपल्या ध्यानातही येत नाही.

म्हणून वाचकांस आमची एकच विनंती आहे. संवत्सरफल अवश्य ऐकावे. कडुनिंबाचा प्रसादही गूळ, ओवा, चिंच, मिरे घालून सर्वांनी मिळून घ्यावा. त्यात गोडाआधी कडूची चव जिभेवर येते, आणि ज्याने वर्षाच्या पहिल्या सकाळी जाणूनबुजून कडू चाखले, त्याला पुढचे कडू अगदीच अनोळखी वाटत नाही. मग हातावर पाणी घेऊन एक संकल्प करावा. तो वर्षाचा नसावा. वर्षाचे संकल्प अनद्यतन भविष्यात विरून जातात. तो आजच्या दिवसापुरता असावा आणि उद्या त्या दिवसापुरता पुन्हा करावा. गळका नळ दुरुस्त करण्याचा असेल, रुसलेल्या भावाच्या घरी जाण्याचा असेल, गड्याची मजुरी ठरल्या दिवशी देण्याचा असेल, औषध वेळेवर घेण्याचा असेल, पोराला एक तास जवळ घेऊन बसण्याचा असेल. लहान असला तरी चालेल. पण त्याचा कर्ता ‘मी’ असावा आणि त्याचा आरंभ ‘आज’ असावा.

सूर्यास्ताच्या सुमारास गुढी उतरेल. वस्त्राची घडी पेटीत जाईल, गाठी मुलांच्या हाती पडेल, काठी माळ्यावर चढेल आणि पंचांग खुंटीला लागेल. उद्या द्वितीया. ती काय घेऊन येईल हे आम्ही सांगू शकत नाही. परंतु तिच्या पहाटे दार उघडून अंगणात सडा कोणी घालायचा, हे आज रात्रीच ठरविता येते. सर्व वाचकांस हे नवे संवत्सर आरोग्याचे, परस्परांच्या आधाराचे आणि केलेले संकल्प तडीस नेणारे जावो, अशी श्रीविठ्ठलचरणी प्रार्थना.